ज्या घरी बसायला गेले

बाबा, तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण आला आहे, आणि कुणावर काढायचा ते कळत नाही म्हणून तुमच्यावर काढते आहे. तुम्ही ऐकून घेण्यात पटाईत होतात. सध्या मी आपल्याच शहरात, तेलीबांध्याला, भावाच्या फ्लॅटमध्ये राहते. बाल्कनीतून तलावाचा एक कोपरा दिसतो. संध्याकाळी लोक तिथे गाडीने येतात आणि गाडी लावून पायी फिरतात. ते पाहून तुमची चांगली करमणूक झाली असती. सकाळी भाऊ ऑफिसला जातो, भावजय शाळेत शिकवायला जाते, आणि मी टीव्हीसमोर बसते आणि टीव्ही लावत नाही. माझ्या ऑफिसने मला सुट्टीवर पाठवलं आहे. मी मागितली नव्हती. भावाला मी खूप थकले होते एवढंच सांगितलं, आणि त्याने ते मानलं किंवा मानल्यासारखं दाखवलं.

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही. आपल्या मोहल्ल्यात, बुढापाऱ्यात, भेटेल त्याला सांगायचात, पोट्टी विदेश मंत्रालयात हाय, आणि पुढचा प्रश्न आला की विषय बदलायचात. एकदा तुम्ही मला विचारलंत, तिथे तू नक्की करते तरी काय? मी म्हटलं, निवेदनं लिहिते, बाबा, म्हणजे आपल्या देशाला काय वाटतं ते दुसऱ्या देशाला कळवायचं. तुम्ही थोडा विचार करून म्हणालात की मग हे अर्जासारखंच झालं. त्या वेळी मला हसू आलं होतं. गेली वीसेक वर्षं मी जे करते आहे त्याचं याहून बरं वर्णन मला कुणी करून दिलेलं नाही.

मी दहावीत होते तेव्हाचं आठवतं का? तुम्ही भनपुरीला धरमकाट्यावर होतात, ट्रकांचं वजन करायला. तिथल्या हमालांच्या दोन वस्त्या होत्या, एक इथल्याच गावांतून आलेल्यांची आणि दुसरी बाहेरच्या राज्यातून आलेल्यांची. नगर निगमची निवडणूक झाली, एका वस्तीचा माणूस जिंकला, दुसरीचा हरला, आणि मिरवणुकीत सुरू झालेलं भांडण दोन दिवस चाललं. बाहेरून आलेल्यांपैकी एक तरुण पोरगा त्यात मारला गेला. पोलिसांनी शांती समिती बसवली. तुम्ही मराठी, म्हणजे दोन्हीकडचे नाही, शिवाय दोन्हीकडचे लोक तुमच्या काट्यावर रोजचे, म्हणून तुम्हालाही घेतलं. समितीची अपील लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आणि तुमचं हिंदी अक्षर कोंबडीचे पाय असल्यामुळे ते माझ्या गळ्यात आलं.

मी स्वयंपाकघरात बसून ती अपील लिहिते आहे. आई तव्यावर पोळी टाकते आहे, मला जागा करून देण्यासाठी कणकेची परात तिने मांडीजवळ ओढली आहे. मी फार खुशीत आहे. वर्तमानपत्रातली सगळी भारी वाक्यं मला पाठ आहेत आणि ती मी एकेक करून त्या कागदावर उतरवते आहे. दुर्भाग्यपूर्ण घटना. दोनों पक्षों से अपील है कि संयम बरतें. तुम्ही हातपाय धुऊन येता, कागद वाचता, पुन्हा वाचता.

"यात मेला कोन, थे कुठी हाय?"

मी म्हणते की अपीलमध्ये तसं लिहीत नाहीत.

"मंग कायची अपील हाय हे? एकाच्या घरचा पोट्टा गेला, अन् तू दोघाइले सारखंच सांगून राहिली, चूप बसा म्हनून."

तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला एरवी आठवत नाही. आई म्हणाली, तुमचं काम ती करून राहिली अन् तुम्ही तिलेच काहून बोलता? मी रडत रडत दुसरा कागद घेतला आणि तुम्ही सांगाल तसं लिहिलं, त्या पोराच्या नावासकट. ती अपील कधी छापली गेली नाही. जी छापली ती पोलिसांनीच लिहिली होती आणि माझ्या पहिल्या कागदाशी तिचं इतकं साम्य होतं की मला मनातून बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी समितीचा फोटो निघायचा होता, हातात हात घालून. तुम्ही म्हणालात की आधी त्या पोराच्या घरी बसायला जाऊ, सगळे मिळून, आणि मग काय तो फोटो काढू. आलेले अधिकारी तुम्हाला म्हणाले, "पहले फोटो हो जाए भैया, फिर जिसको जहाँ जाना है जाए." तुम्ही उठलात, माझा हात धरलात आणि निघालात. तुम्ही हट्टी होतात, बाबा. फोटोनंतरही जाता आलं असतं. पण कुणाच्या घरी माणूस गेलं की बाकी सगळं मागे ठेवून आधी जाऊन बसायचं, यावर तुमच्याशी वाद नव्हता.

मला का नेलंत ते आजही कळलेलं नाही. तिथे कसं बसायचं ते तुम्ही रस्त्यात सांगितलंत. जाऊन नमस्कार करायचा नाही, भिंतीला टेकून बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, चहापाणी घ्यायचं नाही, आणि निघताना येतो म्हणायचं नाही, कारण दुःखाच्या घरी पुन्हा यायची वेळ कुणी मागत नाही. मी तशीच बसले. त्या पोराची आई त्याने सकाळी काय खाल्लं होतं ते सांगत होती. सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून सांगायची, आणि तुम्ही प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखी मान हलवत होतात. मग आपण काही न बोलता उठून आलो. मला वाटलं, बाबांनी कुणालाच जमलं नाही ते केलं. पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रसंग लोकांना अभिमानाने सांगत असे. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितला होता.

आता तिकडचं सांगते. ज्या देशात मी होते त्याचं नाव लिहीत नाही. तुम्ही तसंही इथून किती लांब आहे एवढंच विचारलं असतं. तिथे निवडणूक झाली. निकाल अडून राहिला आणि मग एके दुपारी घाईघाईने जाहीर झाला. हरलेल्या उमेदवाराच्या जमातीचे लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी त्यांना हुसकून लावलं, आणि मग जिंकलेल्यांकडच्या तरुण पोरांच्या टोळ्या वस्त्यांतून फिरू लागल्या. रस्त्यात ओंडके टाकायचे, गाडी थांबवायची आणि नाव विचारायचं. तिथे नावावरून जमात कळते. आपल्याकडे आडनावावरून कळते तशीच, त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या दूतावासात स्वागतकक्षात बसणारी बाई त्या हरलेल्या जमातीची होती. माझ्याच वयाची, जाड भिंगाचा चष्मा, फोनवर समोरच्याला कधीही मध्येच न तोडणारी. तीन वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला. माझ्या हातचं तिखट वरण तिला सोसत नसे आणि तरी ती ते मागून घ्यायची. तिच्या धाकट्या भावाला अशाच एका ओंडक्यापाशी उतरवून घेतलं आणि मारलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या देशांच्या राजदूतांची बैठक होती. एकत्र निवेदन काढायचं ठरलं होतं. मी आमच्या साहेबांच्या मागच्या खुर्चीवर बसून टिपणं घेत होते. बाबा, एवढी शिकलेली माणसं एका शब्दावर जेवणाच्या वेळेपर्यंत घासाघीस करू शकतात, हे तुम्ही पाहायला हवं होतं. एक जण म्हणे, एका जमातीला ठरवून मारलं जात आहे असं स्पष्ट म्हणा. दुसरा म्हणे, 'चकमकी' म्हणा, चकमकी म्हटलं की कुणाला लागत नाही. तिसऱ्याला आपल्या सरकारला विचारायचं होतं. मी साहेबांच्या कानाशी लागून म्हटलं की निदान कोण मरत आहे तेवढं तरी लिहू या. बैठक संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे समजावलं. या शहरात आपल्या लोकांची शेकडो दुकानं आहेत. आपण एका बाजूचं नाव घेतलं आणि उद्या त्या दुकानांना आग लागली तर तिथे पाणी घेऊन कोण जाणार, तू का मी? त्यांचं खोटं नव्हतं. निवेदनात शेवटी एवढंच आलं की घडलेल्या घटना दुर्दैवी आहेत आणि सर्व बाजूंनी संयम पाळावा. माझा स्वयंपाकघरातला पहिला कागद, बाबा, जसाच्या तसा.

ते निवेदन वर्तमानपत्रांना पाठवायचं काम त्या स्वागतकक्षातल्या बाईचंच. त्या दिवशीही ती कामावर आली होती, कारण घरी बसून करणार काय, असं तिने मला सांगितलं. तिने ते सगळीकडे पाठवलं आणि माझ्या खोलीत येऊन दारापाशीच उभी राहिली.

"मॅडम, पाठवलं. आता एक विचारू का? उद्या भावाला पुरायचं आहे. तुमची गाडी आमच्या गल्लीत उभी राहील का? तुम्ही घरात नाही आलात तरी चालेल."

गाडी म्हणजे दूतावासाच्या नंबरपट्टीची गाडी. परदेशी वकिलातीची गाडी गल्लीच्या तोंडाशी असली की टोळ्या तेवढा वेळ तिकडे फिरकत नाहीत, हे तिथल्या लोकांनी बघून ठेवलं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्या एका घरची मयत निघाली, तेव्हा पोरांनी ती रस्त्यात अडवून खांदेकऱ्यांपैकी दोघांना नेलं होतं. मी साहेबांकडे गेले. ते नाही म्हणाले. दूतावासाची गाडी त्या गल्लीत दिसली तर तिथलं सरकार म्हणणार की आम्ही त्यांची बाजू घेतली, आणि टोळीवाले त्या घराला काय म्हणतील ते मला आत्ता सांगता येत नाही, असंही म्हणाले. हे दुसरं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. माझ्या डोक्यात भनपुरीची भिंत होती.

माझ्या स्वतःच्या छोट्या गाडीलाही तीच पट्टी होती. सकाळी उठून मी ती चालवत गेले. गल्लीच्या तोंडाशी लावली, कुलूप घातलं, आणि आत गेले. तुम्ही शिकवलंत तशीच बसले. नमस्कार केला नाही, भिंतीला टेकले, गप्प राहिले. तिच्या आईने माझ्यापुढे लापशीसारखं काहीतरी भरलेला वाडगा धरला, मी हात जोडून नको म्हटलं. तिने पुन्हा धरला, मी पुन्हा नको म्हटलं. खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्याकडे दुःखाच्या घरी आलेल्याने घासभर तरी खायचं असतं. न खाणारा माणूस भांडण मनात ठेवून आलेला असतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माझी मैत्रीण त्यांच्याशी तिच्या भाषेत घाईघाईने काही बोलली, बहुधा माझ्या वतीने माफी मागत होती. स्वतःचा भाऊ समोर पडलेला असताना माझी बाजू सांभाळत होती. भावाला पुरून सगळे सुखरूप परत आले, कुणी अडवलं नाही. मग मी उठले आणि काही न बोलता, तिच्याकडे न बघता, बाहेर पडले. येते म्हटलं नाही. आपल्याकडे म्हणत नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवून लिहायची ताकद नाही. दोन दिवसांनी साहेबांना तिथल्या सरकारचं बोलावणं आलं आणि मला दिल्लीला, म्हणजे खरं तर इथे, पाठवून देण्यात आलं. मी इथे पोचले त्याच आठवड्यात ती गल्ली जाळली. दूतावासातल्या एका सहकाऱ्याने फोन करून सांगितलं. आजूबाजूच्या गल्ल्याही जळल्या, पण सुरुवात तिथून झाली, असं तो म्हणाला, आणि का झाली ते त्याने सांगितलं नाही. परदेशी लोक याच घरी येतात, हेच घर त्यांना बातम्या देतं, असं पोरं ओरडत होती, हे त्याने मी दोनदा विचारल्यावर सांगितलं. काही लोक सरहद्दीपलीकडच्या छावणीत पोचले आहेत. कोण कोण पोचलं ते त्याला माहीत नाही. साहेबांनी मात्र फोन केला तेव्हा माझ्यावर बोट ठेवलं नाही. ते एवढंच म्हणाले की तू गेली नसतीस तरी जळली असती कदाचित. त्या कदाचितवर मी दिवसच्या दिवस बसून आहे.

आणि म्हणून राग आला आहे. कारण तुम्हाला माहीत होतं. तुमच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार आठवते का? मी सुट्टीवर आले होते. आई नव्हती राहिली तोवर. तुम्ही गॅसवर चहा ठेवला होता, साखर नेहमीसारखी बचकभर. मी कुणालातरी सांगितलेला तो भनपुरीचा किस्सा हसत हसत तुम्हालाच परत सांगत होते, आणि तुम्ही मागे न वळता म्हणालात की त्या पोराच्या घरचे लोक महिनाभरात खोली सोडून गेले. तुम्ही समितीचे, पोलिसांच्या ओळखीचे, त्यांच्या घरी जाऊन बसलात, म्हणून दुसऱ्या वस्तीला वाटलं की हे आता साक्ष द्यायला निघाले. त्यांना धमक्या आल्या. कुठे गेले ते तुम्हाला कळलं नाही. मला वाटत होतं की समितीतून तुम्हाला काढलं, पण ती तुम्हीच सोडली होती.

"मी गेलो म्हनून थे गेले का, मले मालूम नाही, बेटा. कोनाले विचारू?"

मी म्हटलं, तुमचं काहून चुकीन बाबा, तुम्ही तर चांगलंच केलं. इतक्या सहज म्हटलं, आणि चहा घेऊन बाहेर आले. मग दारातून विचारलं की पुन्हा तशी वेळ आली असती तर गेला असतात का.

"नाही जाऊन का करू?" तुम्ही म्हणालात, आणि पातेलं विसळायला लागलात.

मुलाखतीत मी हा दुसरा भाग कधी सांगितला नाही. स्वतःलाही सांगितला नाही. साहेबांच्या दारातून बाहेर पडताना तो मला आठवायला हवा होता. मग मी गेले असते की नाही, ते खरंच सांगता येत नाही. जाऊ नये, तर त्यांचा माणूस दारात पडून राहिला असता किंवा खांदेकरी गेले असते. जावं, तर हे असं. तुम्ही मला कसं बसायचं ते अगदी बारकाईने शिकवलंत. पण उठून आल्यानंतर आपण कसं जगायचं, ते तुम्हाला ठाऊक असूनही सांगितलं नाहीत, याचा मला राग आहे. तुम्ही इतकी वर्षं काट्यावर जात राहिलात, त्या वस्तीवरून सायकल नेत राहिलात, घरी येऊन आम्हाला गणितं शिकवत राहिलात. कसं केलंत ते? आईला तरी सांगितलं होतंत का?

काल बुढापाऱ्यात जाऊन आले. आपण राहायचो त्या खोलीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. दुकानदार तरुण मराठी माणूस होता, मी मराठीत बोलले तर त्याने हिंदीतून उत्तर दिलं, दीदी, क्या दिखाऊँ. मी काही न घेता परत आले. या शहरात मला तुमच्याबद्दल विचारता येईल असं आता कुणी उरलेलं नाही. भाऊ तेव्हा लहान होता, त्याला तुम्ही फक्त काट्यावरचे बाबा म्हणून आठवता, आणि त्याच्यासाठी ते तसंच राहू द्यावं असं वाटतं.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तरी एक खरं सांगून थांबते. हे सगळं मला तिला लिहायचं होतं. तिचा नंबर माझ्याकडे आहे. भाऊ बातम्या बघून रोज विचारतो की तिकडच्या मैत्रिणीचं काही कळलं का, आणि मी म्हणते, फोन लागत नाही. बाबा, मी फोन लावलेलाच नाही.